पाणी खाली

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी देवासच्या टेकडी सायकल मंडळाची बैठक झाली. विषय एकच होता : इंदू जगदाळे यांच्या मार्गवहीतली एक नोंद मंडळाने चुकीची ठरवायची की नाही. सातजण हजर होते. चहा आला, पोहे आले, त्यावर शेव आली. मग अध्यक्ष तात्यासाहेब पोतनीस यांनी चष्मा पुसून ठराव वाचला. ठराव हिंदीत होता आणि त्याच्या शेवटी सहीसाठी एक रेघ मोकळी सोडली होती.

"इंदूबाई, ही सही तुमची," तात्यासाहेब म्हणाले.

"नाही करणार," इंदूबाई म्हणाल्या आणि पोह्यांची प्लेट पुढे ओढली.

इंदूबाई सत्तावन्न वर्षांच्या. माहेर धारचं. वडील बळवंतराव यांचं तिथे सायकलीचं दुकान होतं. गंधवानीकडची माणसं बाजाराच्या दिवशी सायकल टाकून जात आणि संध्याकाळी घेऊन जात. इंदूबाई आठव्या वर्षी पंक्चर काढायला शिकल्या आणि बाराव्या वर्षी चाकाचा आऊट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ करायला. देवासला लग्न होऊन आल्यावरही त्या हेच करत राहिल्या. आज इंदूर-उज्जैनचे रेसवाले त्यांच्याकडे चाकं पाठवतात.

बळवंतरावांच्या दुकानात प्रत्येक सायकलीला चिठ्ठी बांधलेली असे. "पुढचं चाक आऊट. ब्रेक ढिला. चेन कोरडी." चिठ्ठीत क्रियापद घालायचं नाही, हा त्यांचा नियम होता. क्रियापदाला जागा जाते आणि काम काही होत नाही, असं ते म्हणत.

नऊ वर्षांपूर्वी इंदूबाई मनाली ते लेह एकट्या गेल्या. सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, पाच खिंडी, सोळा दिवस. सायकल स्वतः जुळवलेली, लोखंडी. त्या प्रवासात त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या दोनशे पानी वहीत जवळजवळ प्रत्येक किलोमीटरची नोंद केली. सगळी मराठीत, सगळी चिठ्ठीसारखी. "चढ. डावीकडे दरड. एकनंतर वारा समोरून." "ढाबा एक. बाई चांगली. डाळ पातळ." मंडळात ही वही प्रसिद्ध होती. वाचलेली कुणीच नव्हती.

गेल्या जुलैत मंडळाचा संग्राम चार जणांना घेऊन त्याच मार्गाने निघाला. चौतीस वर्षांचा, विमा कंपनीत नोकरीला, अंगाने आडवा, आवाजाने त्याहून आडवा. मराठी घरचा, पण मित्रांमध्ये हिंदी बोलणारा. वहीवरून त्यांच्यासाठी हिंदी मार्गपत्रक तयार केलं ते रुचीने. रुची ही इंदूबाईंची भाची, धारच्या भावाची मुलगी, वय चोवीस. देवासला कोचिंगमध्ये गणित शिकवते आणि आत्याकडे राहते. शाळा हिंदी माध्यमाची. मराठी घडाघडा बोलते, वाचताना मात्र अक्षरावर बोट ठेवते.

संग्रामची तुकडी लेहला पोचली ती ट्रकमध्ये बसून. पांग नावाच्या मुक्कामाच्या पुढे मोरे मैदान लागतं, पंधरा हजार फुटांवर चाळीसेक किलोमीटरचं सपाट माळरान. तिथे वाऱ्याने त्यांचा वेग निम्म्यावर आणला, बाटल्या संपल्या आणि तिसाव्या किलोमीटरला अंकित नावाचा मुलगा सायकलवरून खाली बसला तो उठेना. ही हकीकत खरी आहे, यावर बैठकीत कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो त्याआधीच्या नऊ किलोमीटरचा : एकविसाव्याला पाणी आहे असं इंदूबाई सांगत होत्या आणि संग्राम नाही म्हणत होता.

"काकी, पर्सनल काही नाही," संग्राम म्हणाला. "पण आम्ही पाच जण मरता मरता वाचलो."

"मरता मरता? अंकितला ट्रकमध्ये उलटी झाली एवढंच मी ऐकलं."

"ट्रकमध्ये का बसावं लागलं ते बोला ना! आणि ते एकच नाही. बारालाचाची नोंद घ्या. पत्रकात साफ लिखा था, भारी यातायात. आम्ही पहाटे चारला उठलो, ट्रॅफिकच्या आधी खिंड पार करायला. बोटं गारठली. दस बजेपर्यंत एक गाडी दिसली नाही. एक! बता भिया इनको."

हे शेजारी बसलेल्या, तुकडीतल्याच अर्पितला होतं. अर्पितने मान हलवली. "एक कुत्ता दिखा था," तो म्हणाला.

तात्यासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना ठसका लागला होता. "यातायात!" ते म्हणाले. "अहो, यातायात म्हणजे मोटारी नव्हेत. आमच्या आजोबांची काशीला जाताना झाली ती यातायात. हाल. दमछाक."

खोलीत दोन-तीन जण हसले. संग्राम हसला नाही. इंदूबाईंनी रुचीकडे पाहिलं. रुची मागच्या खुर्चीवर होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"संग्राम," इंदूबाई म्हणाल्या, "मोरे मैदानाची ओळ वाच. मोठ्याने."

त्याने फोनवर पत्रक काढलं. "पांग से इक्कीस किलोमीटर. दाएँ दो काले पत्थर. पानी खाली."

इंदूबाईंनी पिशवीतून वही काढली, पान काढलं. "पांग एकवीस. उजवीकडे काळे दोन. पाणी खाली." वही मिटली. "रस्त्याच्या खाली. उतरायचं आणि प्यायचं."

इथे हे सांगायला हवं की रुचीने काम उडवून लावलं नव्हतं. ज्या शब्दांवर ती अडली ते सगळे तिने आत्याला विचारले होते. दरड, उंबरठा, निसरडं, अशा बत्तीस शब्दांची यादीच होती. पण 'यातायात' हा शब्द तिला येत होता. 'खाली' हाही येत होता. पाणी खाली, म्हणजे पाणी रिकामं, म्हणजे पाणी नाही. म्हणून तहानलेली पाच माणसं पाण्याच्या डोक्यावर येऊन पोचली आणि कागद पाहून पुढे निघून गेली.

"आत्या, मुझे लगा..." रुची म्हणाली.

"तुला काय वाटलं ते पत्रकात दिसतंय."

"ठीक आहे," संग्राम म्हणाला. "मग गलती रुचीची. ठरावात तसं लिहू."

"रुचीची कशी? तुम्ही एकविसाव्याला थांबला होता?"

"थांबलो ना. पाच मिनिटं."

"खाली पाहिलंत?"

"पाहिलं! रोडवरून सगळं दिसतं तिथं. सूखा, सफाचट. काकी, राग मानू नका, पण ना वर पाणी, ना खाली पाणी. तुमचं खाली पण खालीच आहे."

अर्पित मोठ्याने हसला आणि तात्यासाहेबांनी पाहिल्यावर गप्प झाला.

तात्यासाहेबांनी मध्यम मार्ग काढायचा प्रयत्न केला. ते जुन्या दरबारी कारकुनी घराण्यातले होते आणि मध्यम मार्ग हा त्यांच्या घरचा धंदा होता. मंडळ पुढच्या दिवाळीला डोंगरी मार्गांची पुस्तिका छापणार होतं, इंदूबाईंच्या वहीवरून. त्यांनी सुचवलं की वही घ्यावी, पण मोरे मैदानापुरती तळटीप द्यावी : या भागातील नोंदी विश्वासार्ह नाहीत.

"एक नोंद विश्वासार्ह नसेल तर बाकीच्या चारशे कशा असतील?" इंदूबाई म्हणाल्या. "वही एक तर खरी, नाही तर खोटी. तळटीप नको."

"पण पाणी आहे, हे सांगणार कोण?"

"मी सांगितलंय."

"नऊ वर्षांपूर्वी, इंदूबाई."

"मग पुन्हा सांगते. येत्या जुलैत जाते. पाणी असलं तर वही जशी आहे तशी छापायची, माझ्या शब्दांसकट. नसलं तर ती या टेबलावर आणून ठेवते. पोह्यांच्या प्लेटांखाली घाला."

"आणि तिथं पाणी मिळालं, हे सांगणार कोण? परत तुम्हीच?" संग्रामने विचारलं.

"तू चल."

संग्रामने इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. "येतो," तो म्हणाला. "गवाह तर लागेलच. तसंही माझं मैदान अर्धं राहिलंय."

"वाऱ्यात माझ्यापुढे राहा. रुंद आहेस."

ठरावावरची रेघ मोकळीच राहिली.

*

घरी आल्यावर रुची दोन दिवस जेवणापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी ती आत्यासमोर येऊन उभी राहिली आणि माफीचं वाक्य सुरू केलं. इंदूबाई चाक फिरवत होत्या, नजर रिमवर होती.

"माफी नको," त्या म्हणाल्या. "येतेस का?"

"मी? आत्या, मी आजपर्यंत पीपलरावां गावाच्या पुढे गेले नाही सायकलवर."

"मग पीपलरावांपासून सुरू कर."

डिसेंबरपासून ती सुरू झाली. आधी सपाट रस्ता, गव्हाच्या शेतांमधून पीपलरावांपर्यंत आणि परत. मग हाटपिपल्या. मार्चमध्ये दोघी धारला जाऊन राहिल्या आणि गंधवानीच्या बाजूचे चढ रोज चढल्या. पहिल्या दिवशी रुची तीनदा उतरली. आठव्या दिवशी एकदाही नाही. गल्लीत बोलणारे बोलत होते. शेजारच्या यमुनाबाईंनी विचारलं, "अगं इंदू, गुडघे काय म्हणतात या वयात?"

"त्यांना विचारलं नाही," इंदूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी इंदूबाई तारा आवळत आणि रुची वही वाचून दाखवी. बोट ठेवून, मोठ्याने. अडली की विचारायचं, आणि अडली नाही तरी विचारायचं, असा नवा नियम झाला होता.

"'ओढा' म्हणजे?"

"नाला."

"मग नाला का नाही लिहिलं?"

"नाला देवासला असतो. प्यायचं असतं तो ओढा."

"'पुढे बरी वाट.' बरी म्हणजे चांगली ना?"

"चांगली नाही. बरी."

मे महिन्यात रुचीचं बोट अक्षरावरून उठलं. तिच्या ते लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं.

*

सहा जुलैला तिघं मनालीहून निघाले. संग्रामची सायकल सत्तावीस गिअरची, हलकी, परदेशी. इंदूबाईंची तीच लोखंडी. पुढच्या चाकाला बळवंतरावांच्या दुकानातला जुना मीटर होता : तारेला बांधलेली खीळ चाकाच्या दर फेऱ्याला एका दातेरी चकतीला टिचकी मारते आणि आकडा सरकतो. संग्रामने त्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "म्यूझियम".

रोहतांगला ढग होते. केलाँगला एक दिवस थांबले, विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. सातव्या दिवशी बारालाचा. शेवटच्या सहा किलोमीटरला त्यांना साडेतीन तास लागले. सोळा हजार फुटांवर माणूस दहा वेळा पॅडल मारतो आणि धावून आल्यासारखा धापा टाकतो. खिंडीच्या माथ्यावर संग्राम दगडावर बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

"कशी काय यातायात?" इंदूबाईंनी विचारलं.

संग्रामने मान वर केली नाही. "भारी," तो म्हणाला.

दहाव्या दिवशी ते पांगला पोचले. अकराव्या दिवशी सकाळी सहाला तंबूवाल्याच्या पिंपातून पाणी भरायची वेळ आली. संग्रामने चार बाटल्या भरल्या, एकेक लिटरच्या. इंदूबाईंनी एक भरली आणि झाकण लावलं.

"काकी, ये क्या है?"

"एक लिटर. एकवीस किलोमीटरला पुरतं."

"आणि पुढचे पंचवीस?"

"एकविसाव्याला भरायचं. वहीत लिहिलंय."

"वहीत लिहिलंय! वही पिणार का तुम्ही?"

"तुझ्याकडे आहे ना चार लिटर. मी बसले रस्त्यात तर पाज. आणि मग वही तुझी."

संग्रामने रुचीकडे पाहिलं. तिच्या हातात दोन रिकाम्या बाटल्या होत्या. तिने एक भरली. दुसरी रिकामीच सायकलीला अडकवली.

"परतताना भरू," ती म्हणाली. "म्हणजे, खाली उतरून वर येताना."

पांगवरून पाच-सहा किलोमीटरचा चढ आहे, आणि तो संपला की एकदम मैदान. दोन्ही बाजूंना लालसर डोंगर लांब सरकलेले, मध्ये रस्ता, काळा आणि नवा. इंदूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा इथे धूळ होती. इंदूबाई एकसारख्या लयीत चालल्या होत्या. टिक, टिक, टिक. वारा अकरालाच उठला, नोंदीपेक्षा दोन तास आधी. संग्राम पुढे होता आणि खरोखरच वारा अडत होता. रुचीची बाटली पंधराव्याला संपली. इंदूबाईंच्या बाटलीत दोन घोट होते, त्यातला एक त्यांनी तिला दिला.

एकवीस किलोमीटर पुरे झाल्यावर संग्रामच्या फोनवरचा अंतरमापक वाजला. इंदूबाईंचा मीटरही चाळीस-पन्नास पावलांच्या फरकाने तेच सांगत होता. तिघं उतरले. उजवीकडे उतार होता, खडी होती, वाळलेलं खुरटं गवत होतं. काळा खडक एकही नव्हता. खाली शंभर फुटांवर जमीन सपाट होऊन पुढे पसरली होती आणि ती पांढरीफटक कोरडी होती.

"हीच जागा," संग्राम म्हणाला. "मागच्या वर्षी इथंच थांबलो होतो. काकी, आता बघा. वरून बघा, खालून बघा."

इंदूबाई बघत होत्या, पण खाली नाही. त्या मागे बघत होत्या, आलेल्या रस्त्याकडे.

"हा रस्ता तो नाही," त्या म्हणाल्या.

"आता रस्ता पण बदलला?"

"सरळ केलाय. जुना वळणं घेत जायचा. वळणांचे एकवीस आणि सरळ एकवीस सारखे होत नाहीत. आपण पुढे आलोय. दीडएक किलोमीटर मागे उजव्या अंगाला जुनी वाट फुटली होती. पाहिली मी."

"पाहिली तर बोलला का नाही?"

"एकवीस झाले नव्हते."

संग्रामने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. चाळीस किलोमीटरच्या मैदानात वाऱ्याला तोंड देऊन कमावलेले दीड किलोमीटर परत करायचे, ही गोष्ट त्याला पटणं कठीण होतं. "तुम्ही जा. मी इथं थांबतो," तो म्हणाला.

"गवाह तू आहेस," रुची म्हणाली. "भिया, गवाह बसून राहत नाही."

ते मागे गेले. सातशे मीटरवरच जुन्या रस्त्याचं एक वळण नव्या रस्त्याच्या जवळ येऊन परत लांब गेलं होतं. दबलेली माती, त्यावर खडी. इंदूबाई सायकल हातात धरून त्यावर चालू लागल्या. वळणाच्या पोटात दोन काळे खडक होते, माणसाच्या कमरेएवढे, एकमेकांना टेकलेले. नव्या रस्त्यावरून ते दिसत नव्हते. मध्ये भराव होता.

"काळे दोन," रुची म्हणाली.

सायकली खडकांना टेकवून तिघं उतरले. एकशे चाळीस पावलं. वहीत पावलांचा आकडा नव्हता, पण इंदूबाईंना तो पाठ होता. शेवटी एक खळगा आला, खाटेएवढा, दगडांनी कुणीतरी पूर्वी बांधून घेतलेला.

खळगा कोरडा होता. तळाला मातीची खपली धरली होती आणि ती उन्हाने तडकली होती.

संग्रामने खळग्यात वाकून पाहिलं, बुटाने खपली मोडली. खालीही कोरडं. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. "काकी," तो म्हणाला, "खडक होते. तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. मी सांगेन तसं मंडळात."

इंदूबाईंनी वही काढली. तारीख घातली. लिहिलं, "खळगा कोरडा." मग पेन्सिल कानामागे खोचली.

"आत्या, नका लिहू ना," रुची म्हणाली. "तो टेबलावर ठेवायला सांगेल."

"कोरडं आहे ते कोरडं लिहायचं. आणि ठेवायची वेळ अजून आलेली नाही." त्यांनी खळग्याच्या पलीकडच्या कडेला बोट दाखवलं. ओल्या मातीत उमटून नंतर वाळलेले खुरांचे ठसे होते, त्यांच्यावर नवे ठसे, कडा अजून मोडल्या नव्हत्या. बाजूला लीद. "रानगाढवं. जुने ठसे इथं थांबलेत. नवे थांबले नाहीत, ते पुढे उतरलेत. गाढवं चाळीस पावलं जास्त उतरतील ती मजेखातर नाही."

"चाळीस नसली तर?" संग्रामने विचारलं.

"तर जितकी असतील तितकी."

त्या निघाल्या. मोठ्याने मोजत. दोनशे. तीनशे. उतार तीव्र झाला, दोन्हीकडे मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि वारा डोक्यावरून जाऊ लागला. चारशेला इंदूबाईंचा पाय सरकला; त्या बसल्या, उठल्या, चारशे एक म्हणाल्या. संग्राम मागून येत होता. पाचशेला त्याने आपली बाटली पुढे केली. इंदूबाईंनी ती घेतली नाही. रुचीनेही घेतली नाही, ओठ फुटले होते तरी.

"जिद्दी खानदान है," तो म्हणाला.

पाचशे नव्वदला रुची थांबली. "आवाज," ती म्हणाली.

सहाशे दहाव्या पावलाला पाणी होतं. मनगटाएवढी धार, दगडाच्या पोटातून निघून चार हातांवर पुन्हा वाळूत जाणारी. रुची गुडघ्यांवर बसली आणि ओंजळीने प्यायली. इंदूबाईंनी आधी बाटली भरली, झाकण लावलं, मग प्यायल्या. संग्राम उभा होता. त्याच्याकडे अजून सव्वा लिटर होतं. त्याने भरलेली बाटली उपडी केली, ओतून टाकली आणि धारेखाली धरली.

"गोड आहे," रुची म्हणाली.

"वही," तो घोट गिळत म्हणाला. "वही!"

इंदूबाईंनी पिशवी छातीशी धरली. "वही मिळायची नाही. पाणी सापडलंय."

"अरे काकी, वही मतलब... वही! हेच! जे रुची म्हणाली तेच!"

रुची वाळूत आडवी होऊन हसली. संग्रामही हसू लागला, आणि विरळ हवेत हसणं परवडत नाही हे दोघांनाही थोड्या वेळाने कळलं.

मग इंदूबाईंनी वही रुचीकडे दिली. "लिही."

रुचीने मांडीवर वही घेतली आणि लिहिलं. अक्षर गणिताच्या बाईंचं, सुटं आणि उभं. "पांग २१ जुन्या रस्त्याने, नव्याने २०.३. उजवीकडे काळे दोन, भरावामागे. खळगा कोरडा. पाणी आणखी खाली. पावले ६१०."

"काकी, एक ऐका," संग्राम म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात भांडण नव्हतं. "आता तरी 'नीचे' लिहा. पुढे परत कोणी रुचीसारखं वाचेल."

इंदूबाईंनी थोडा विचार केला. अंकित मेलाही असता, ही गोष्ट आता त्या नाकारत नव्हत्या. "बाण काढ," त्या रुचीला म्हणाल्या. "खालच्या दिशेने. बाणाला भाषा नसते. शब्द तोच ठेव."

रुचीने बाण काढला आणि वही संग्रामपुढे धरली. "गवाहची सही."

त्याने पेन्सिल घेतली. "मैंने अपनी आँखों से," इथपर्यंत लिहिलं.

"क्रियापद नको," इंदूबाई म्हणाल्या.

त्याने ते खोडलं, डोकं खाजवलं आणि लिहिलं : "पानी मीठा. संग्राम."

रुचीने वाकून पाहिलं. "भिया, मराठी वाचणारा म्हणेल पाणी खारट आहे."

"का? मीठा लिखा है ना!"

"मराठीत मीठ म्हणजे नमक."

संग्रामने वहीकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग वर, जिकडे सहाशे दहा पावलांचा चढ होता. त्याने 'मीठा' खोडला आणि रुचीला विचारून, एकेक अक्षर काढत लिहिलं : "पाणी गोड."

*

त्या संध्याकाळी ते मैदान ओलांडून गेले आणि पुढच्या चार दिवसांत लेहला, तिघंही सायकलवर. नोव्हेंबरची बैठक पुन्हा दुसऱ्या रविवारी झाली. ठराव मागे घेतला गेला. पुस्तिका दिवाळीला नाही, पण डिसेंबरात छापून झाली : डावीकडे वहीतली मराठी, उजवीकडे रुचीची नवी हिंदी. हिंदीत 'नीचे' आहे. मराठीत इंदूबाईंचं 'खाली' आहे, शेजारी बाण आहे.

छापण्याआधी तात्यासाहेबांनी शेवटचा मध्यम मार्ग सुचवून पाहिला होता. आजकालच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. डाव्या पानावरही सोपा शब्द घातला तर काय बिघडलं? अर्पितने मान हलवली. आणखी दोघांनी हलवली.

इंदूबाईंनी पोह्यांची प्लेट बाजूला सारली. वही टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात.

"बाण दिलाय. पावलं मोजून दिलीत," त्या म्हणाल्या. "शब्द माझा आहे. ज्याला कळत नाही त्यानं वाकून बघावं."

"लिख लो," संग्राम बैठकीची नोंद लिहिणाऱ्या अर्पितला म्हणाला. "मी वाकून बघितलंय."